नोव्हेंबरातला मिनेसोटा : पळायचं, की स्की काढायच्या?

हिमपाऊल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ट्विन सिटीज मॅरेथॉन होऊन जाते आणि मिनियापोलिस-सेंट पॉलमधली आपली बरीच पळणारी मंडळी बूट धुऊन कपाटात ठेवून देतात. काही जण ट्रेडमिलवर जातात, काही थेट एप्रिलमध्ये पुन्हा दिसतात. क्रॉस-कंट्री स्की (उतारावरून नुसतं घसरण्याऐवजी सपाट, चढ-उताराच्या वाटांवर स्वतःच्या जोरावर चालवायची स्की) करणारे जानेवारीची वाट बघत बसतात. मधले आठवडे कोणाच्याच हिशेबात नसतात. हा धागा त्या आठवड्यांसाठी आहे.

माझं मत स्पष्ट आहे. इथला हिवाळा शिकायचा तो याच दिवसांत. जानेवारीत बहुतेक सगळं ठरलेलं असतं : कडक थंडी, कोरडा बर्फ, लख्ख ऊन. नोव्हेंबरात सोमवारी पाऊस, मंगळवारी स्लीट (गोठलेल्या पावसाचे दाणे), बुधवारी चार बोटं बर्फ आणि शुक्रवारी पुन्हा सात-आठ अंश सेल्सियस. या काळात जो नेमाने बाहेर पडतो त्याला पुढचे महिने जड जात नाहीत. शिवाय पळणं आणि स्कीइंग हे दोन वेगळे छंद राहत नाहीत, जमीन जशी असेल तसं त्या दिवशी एक निवडता येतं.

आधी जमिनीबद्दलच बोलतो. ॲपवर सगळे आत्ताचं तापमान बघतात. मी काल दुपारी किती होतं आणि रात्री किती खाली गेलं ते बघतो. दुपारी दोन अंश आणि रात्री उणे सहा, असं असेल तर पदपथावर वितळलेलं पाणी पहाटेपर्यंत गोठलेलं असणार आणि अंधारात ते दिसणारही नाही. अशा दिवशी सकाळी सहाला पळू नये, जेवणाच्या सुट्टीत पळावं. उलट आठवडाभर सलग उणे दहा असेल तर पडलेला बर्फ घट्ट दाबला जातो आणि त्यावर पाय छान पकड घेतो. थंडी जास्त, पण रस्ता जास्त भरवशाचा. पूल आणि लाकडी फळ्यांच्या वाटा सगळ्यांच्या आधी गोठतात, कारण तिथे खालूनही वारा लागतो. रस्त्यावरच्या मिठाचा भरवसा उणे नऊ-दहापर्यंतच धरावा. त्याखाली साधं मीठ फार हळू काम करतं.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिसातून निघेपर्यंत दुपारचा चिखल पुन्हा गोठू लागलेला असतो, आणि चालून चालून झालेले खळगे त्यात तसेच कडक होतात. घोटा मुरगळतो तो बहुधा अशाच वाटेवर. डोक्याला हेडलॅम्प लावाच, पण छातीशी किंवा कमरेला आणखी एक दिवा असेल तर जमिनीवरच्या उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि वाट वाचता येते. डोक्यावरच्या एकट्या दिव्याने सगळं सपाट दिसतं.

आता स्की. पहिला आठ-दहा सेंटिमीटर बर्फ पडला की गोल्फच्या मैदानावर किंवा कापलेल्या गवताच्या माळावर स्की चालवता येते, कारण खाली दगड नसतात. जंगलातल्या वाटेवर तेवढाच बर्फ असेल तर दगड आणि मुळं स्कीचा तळ खरवडून काढतात. म्हणून इथले लोक अशा दिवसांसाठी एक जुनी जोडी वेगळी ठेवतात, तिला ते रॉक स्की म्हणतात. नवीन शिकणाऱ्याने पहिली जोडी जुनीच घ्यावी, मग नोव्हेंबरात हात आखडता घ्यावा लागत नाही.

आणि आकाशातून काहीच पडलं नाही, तरी आपल्याकडे कृत्रिम बर्फ आहे. मिनियापोलिसमधलं थिओडोर वर्थ पार्क, ब्लूमिंग्टनचं हायलंड, मेपल ग्रोव्हचं एल्म क्रीक, सेंट पॉलकडचं बॅटल क्रीक. या ठिकाणी यंत्रं रात्रभर चालवून काही किलोमीटरचा वळसा तयार करतात. त्यामागचं शास्त्र मला फार आवडतं. यंत्रातून पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवले जातात. थेंब खाली येईपर्यंत गोठायला हवेत, आणि गोठताना त्यातली उष्णता हवेने घ्यायला हवी. हवा कोरडी असेल तर थेंबाचा थोडा भाग वाफ होऊन उरलेल्याला थंड करतो. म्हणून हे लोक साधं तापमान बघत नाहीत, वेट बल्ब तापमान, म्हणजे हवेचा कोरडे-दमटपणा धरून मोजलेलं तापमान, बघतात. ते साधारण उणे दोनच्या खाली गेलं की यंत्रं सुरू करता येतात. दमट हवेत उणे एकला काही हाती लागत नाही, पण कोरड्या हवेत शून्याच्या किंचित वरही बर्फ बनू शकतो. तेव्हा नोव्हेंबरात एखादी रात्र कोरडी आणि निरभ्र असेल, तर दोन दिवसांनी वर्थची बातमी बघायला विसरू नका.

तुमचे अनुभव, प्रश्न, वाद, सगळं येऊ द्या.

---

कृष्णाकाठ

धागा अगदी वेळेवर आला दादा. आम्ही याच उन्हाळ्यात ईगनला आलो. सांगलीत रोज पहाटे पळायचो, इथे ऑक्टोबरपर्यंत जमलं. काल पहिल्यांदा उणे पाच होतं आणि मी दारातूनच परत फिरले. नक्की घालायचं काय? दुकानात गेले तर प्रत्येक गोष्ट शंभर डॉलरच्या वर. आणि स्की मी आयुष्यात पायाला लावलेली नाही. पस्तिशीनंतर शिकता येते का?

---

हिमपाऊल

कृष्णाकाठ ताई, शिकता येते. तुम्ही पळता, म्हणजे अर्धं काम झालेलं आहे. क्लासिक पद्धतीत दोन समांतर खाचांमधून स्की सरळ पुढे जातात आणि हालचाल पळण्याच्या जवळची असते : एका पायावर पूर्ण वजन, दाब देऊन मागे रेटा, मग दुसऱ्या पायावर घसरण. पळणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं ते त्या घसरणीच्या क्षणी एका पायावर शांत थांबणं. ते घरी ओट्याशी उभं राहूनही करून बघता येतं. स्केट पद्धत वेगळी. तिच्यात पाय इंग्रजी व्ही आकारात तिरके टाकायचे, वेग जास्त, दमही जास्त लागतो. सुरुवात क्लासिकने करा.

कपड्यांचं गणित साधं आहे : दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिल्या पाच मिनिटांत छान वाटत असेल तर पंधराव्या मिनिटाला घाम येणार, आणि तोच घाम परतताना गार पडणार. अंगाशी सुती काहीच नको, कारण सूत घाम धरून ठेवतं. पातळ लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, त्यावर पुढून वारा अडवणारं पातळ जाकीट, कान झाकणारी टोपी, गळ्याला बफ (नळीसारखा कापडी पट्टा). उणे पाचला एवढं पुरतं. हातमोजे पाच बोटांचे घेण्यापेक्षा मिटन घ्या, चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. जुन्या वस्तूंच्या दुकानात लोकरीचे स्वेटर फार स्वस्तात मिळतात.

आणि निघताना वाऱ्याकडे तोंड करून निघा, म्हणजे परतताना वारा पाठीवर येतो. घामेजलेल्या अंगाने वाऱ्याला सामोरं जाणं टाळायचं. गाडीत किंवा दाराशी कोरडा टीशर्ट तयार ठेवा, आल्याबरोबर पहिलं काम ते.

---

श्वासवेध

छान लिहिलंय. मी फुप्फुसांची डॉक्टर आहे, म्हणून दम्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

थंड हवेने खोकला येतो तेव्हा लोकांना वाटतं फुप्फुसं गोठतात. तसं होत नाही. नाक आणि श्वासनलिका हवा आत पोचेपर्यंत बरीच गरम करतात. खरा त्रास कोरडेपणाचा आहे. गोठणबिंदूखालच्या हवेत पाण्याचा अंश फारच कमी असतो. पळताना आपण तोंडाने भराभर श्वास घेतो, तेव्हा श्वासनलिकेच्या अस्तरातलं पाणी त्या हवेला पुरवावं लागतं. अस्तर कोरडं पडतं, आणि ज्यांची नलिका मुळात नाजूक आहे त्यांची ती आकसते. व्यायाम थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती भरून येणं, शिट्टीसारखा आवाज, कोरडा खोकला, ही त्याची लक्षणं. वर्षानुवर्षं थंडीत जोराने स्की करणाऱ्या स्पर्धकांमध्ये दम्याचं प्रमाण इतर खेळाडूंपेक्षा जास्त आढळतं, त्यामागे हेच कारण मानलं जातं. आंतरराष्ट्रीय क्रॉस-कंट्री शर्यती साधारण उणे वीसच्या खाली घेत नाहीत.

करायचं काय? दहा-पंधरा मिनिटं हळूहळू वेग वाढवा. बफ तोंडावर ओढा, म्हणजे सोडलेल्या श्वासाची ओल पुढच्या श्वासाला मिळते. बफ ओला होऊन गोठला की फिरवून कोरडी बाजू पुढे घ्या. ज्यांना दमा आहे त्यांनी व्यायामाआधी इनहेलर कधी घ्यायचा ते आपल्या डॉक्टरांशी हिवाळा लागण्याआधीच बोलून ठरवावं. आणि ज्यांना छातीत दुखणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं असं होतं, त्यांनी ते थंडीवर ढकलू नये. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. चाळिशीनंतर एकदम जोरात सुरुवात नको.

वाऱ्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवा : हवा उणे १८ अंश आणि वारा ताशी २४ किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ती उणे २८ सारखी लागते आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. गाल, नाकाचं टोक, कानाची पाळी पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका. आत जा आणि हाताच्या उबेने किंवा कोमट पाण्याने गरम करा.

---

रानवारा

मी पक्का पळणारा आहे, स्कीच्या वाटेला गेलो नाही. एक तक्रार मांडतो. उन्हाळ्यात ज्या वाटांवर आम्ही पळतो त्याच वाटा नोव्हेंबर-डिसेंबरात बंद होतात, पाटी लागते 'फक्त स्की'. पार्क सगळ्यांच्या करातून चालतात. बर्फ जेमतेम पडलेला असतो, स्कीवाला एकही नसतो, तरी आम्ही तिथे पाय ठेवायचा नाही. हे मला पटत नाही.

---

सरळरेघ

रानवारा, तुमची तक्रार समजते, पण त्या जेमतेम बर्फाबद्दलच सांगतो.

हंगामाचा पहिला थर हा पाया असतो. ग्रूमर, म्हणजे वाट तयार करणारं यंत्र, आधी रोलर फिरवून तो दाबतो, रात्रीच्या थंडीत तो घट्ट बसतो, पुढचा बर्फ त्यावर टिकतो. या पहिल्या थरावर कोणी दुपारी, बर्फ मऊ असताना पळून गेलं, की प्रत्येक पावलाचा खड्डा रात्री गोठतो. पुढचा थर पातळ असला तर खड्डे तसेच राहतात आणि यंत्राच्या दात्यांनी खरवडायला गेलं तर खालची माती वर येते. काळी माती उन्हात तापते, आजूबाजूचा बर्फ आधी वितळतो. एका दुपारची पावलं आठवडाभर पुरतात. उतारावर ताशी तीस किलोमीटरने येणाऱ्या स्कीचं टोक अशा खड्ड्यात अडकलं तर मनगट आणि खांदा जातो.

शिवाय फुकट कोणी वापरत नाही. राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या स्की ट्रेलवर सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला राज्याचा स्की पास लागतो, थ्री रिव्हर्स या इथल्या पार्क संस्थेच्या पार्कांत त्यांचा वेगळा पास. ग्रूमिंगच्या खर्चाला त्याचा मोठा आधार आहे.

---

नॉर्डमार्का

ऑस्लोहून लिहितोय. इकडे कायद्याने कोणालाही रानावनात मोकळं फिरता येतं, बर्फ असो वा नसो. तरीही आखलेल्या ट्रॅकच्या खाचांवर कोणी चालत नाही, कडेने चालतात. मुलांना बालवाडीपासून ते शिकवलेलं असतं.

इकडचा नोव्हेंबरही तुमच्यासारखाच लहरी. फ्योर्डच्या काठी पाऊस पडत असतो आणि त्याच वेळी मेट्रोची १ नंबरची गाडी पकडून फ्रोंगनरसेतेरेनला, साडेचारशे मीटरच्या वर गेलं की झाडं पांढरी. दर शंभर मीटर उंचीला अर्धा-पाऊण अंश कमी होतो, तेवढ्यात पावसाचा बर्फ होतो. संध्याकाळी त्या गाडीत ब्रीफकेस घेतलेले लोक आणि स्की घेतलेले लोक शेजारी शेजारी बसलेले असतात. रात्री दिव्यांच्या वाटा आहेत, त्यावर स्की करतात. आमच्याकडची मराठी मंडळी खाली सॉन्गस्वान तळ्याभोवती पळतात आणि वर बर्फ आला की तीच मंडळी स्की घेऊन वर जातात. धागाकर्त्याने म्हटलेला एकच मोसम इथे रोज दिसतो.

---

हिमपाऊल

रानवारा, मी दोन्हीकडचा आहे, म्हणून माझं मत सांगतो. पाटी लागली की पळणाऱ्याने त्या वाटेवर जाऊ नये, याबाबत मला शंका नाही. पण तुमच्या म्हणण्यातही एक खरी गोष्ट आहे : पळणाऱ्यांसाठी पर्यायी वाट नकाशावर ठळक दाखवलेली नसते. वर्थमध्ये स्नोशूच्या आणि जाड टायरच्या सायकलींच्या वाटा वेगळ्या आहेत. तळ्यांभोवतीचे पदपथ, बडे माका स्का, हॅरिएट, आइल्स, शहर बर्फ काढून मोकळे ठेवतं. ते आपले. हिवाळ्यात पळणाऱ्यांसाठी आणखी वाटा मागायच्या असतील तर पार्क बोर्डाच्या बैठकांमध्ये जाऊन मागायला हव्यात. मी तुमच्याबरोबर येईन.

आणखी एक. शहराबाहेरच्या राज्य-जंगलांत पळणाऱ्यांनी लक्षात घ्या, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंदुकीने हरणं मारायचा मोसम सुरू होतो. भडक केशरी जाकीट आणि टोपी घातल्याशिवाय त्या जंगलात पाऊल टाकू नका. कुत्रा बरोबर असेल तर त्यालाही केशरी पट्टा.

---

रानवारा

पाया आणि खड्ड्यांचं कळलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. या आठवड्यात पाटीच्या अलीकडेच राहीन. बैठकीचं नक्की करू.

बुटांबद्दल माझ्याकडूनही थोडं. बर्फ आणि डांबर आलटून पालटून असेल तर काढता-घालता येणारे छोटे टोकदार नॅनोस्पाइक चांगले. मायक्रोस्पाइकचे दात मोठे, ते जंगलातल्या गोठलेल्या वाटेवर उपयोगी, डांबरावर मात्र गुडघ्याला हादरे देतात. जुन्या बुटांच्या तळात बाहेरच्या कडेने आखूड षटकोनी डोक्याचे स्क्रू बसवून घेतले तर दहा डॉलरच्या आत काम होतं. स्क्रू तळाच्या जाडीपेक्षा आखूड हवेत. पाऊल लहान, कमरेखालीच पडू द्यायचं, टाच पुढे टाकून रेटा द्यायचा नाही. वेगाचं घड्याळ या दिवसांत घरी ठेवावं, मिनिटांवर पळावं.

---

अबोली

माझी आई साताऱ्याहून मार्चपर्यंत आली आहे. वय ६८. रोज अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चालणारी बाई, इथे घरात कोंडल्यासारखी झाली आहे. खिडकीतून बर्फ बघते आणि म्हणते, एकदा तरी चालून बघू दे. मला तिच्या हाडांची भीती वाटते. कोणाच्या आई-वडिलांनी केलंय का असं?

---

श्वासवेध

अबोली, तिला नेच. माझ्या सासूबाई सोलापूरच्या, त्या इथे रोज चालतात. बुटाखाली बर्फावर घसरू न देणारी साखळी हवीच आणि हातात दोन पोल, टोकाला लोखंडी अणी असलेले. पोलमुळे चार ठिकाणी आधार मिळतो. उन्हाची वेळ निवडायची, अकरा ते दोन. आदल्या दिवशी पाऊस पडून रात्री गोठलं असेल त्या दिवशी मॉलमध्ये किंवा डाउनटाउनच्या स्कायवेमध्ये चालावं, तिथे इमारतींमधून मैलोन् मैल बंदिस्त वाट आहे. साडीखाली लोकरीची लेगिंग आणि वरून लांब पफर चालतो, पण घोळ जमिनीला लागणार नाही असा उंच नेसवा, नाहीतर ओला होऊन गोठतो. घरात शिरल्या शिरल्या साखळी काढायची, फरशीवर ती भयंकर घसरते.

तिची हाडांची तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घे. एवढ्या अटी पाळल्या की भीती नको.

---

पुणेकर_पायपीट

पुण्यातून वाचतोय, बर्फाचा संबंध नाही, पण धागा सोडवत नाही. मी स्केटिंग करतो, सिंहगडावर चढ-उतार करतो. भारतात कोणी क्रॉस-कंट्री स्की करतं का? मला शिकायची असेल तर कुठून सुरू करू?

---

सरळरेघ

पायपीट, करतात तर! ऑलिंपिकमध्ये भारताकडून १५ किलोमीटरच्या शर्यतीत ताशी लुंडुप २०१० साली व्हँकुव्हरला, नदीम इक्बाल २०१४ साली सोचीला आणि जगदीश सिंग २०१८ साली प्याँगचँगला उतरले होते. गुलमर्गला सैन्याची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही तिथे २०२० पासून होतात आणि त्यात नॉर्डिक स्कीइंग (ज्यात क्रॉस-कंट्री येतं) असतं. पण गुलमर्गचा हिवाळाही आता बेभरवशाचा झाला आहे, २०२४ च्या जानेवारीत तिथले उतार उघडे पडले होते.

तुम्हाला पुण्यातच सुरुवात करता येईल. रोलर स्की म्हणजे पुढे-मागे चाक असलेली आखूड दांडी, तिला स्कीचाच बूट अडकतो. जगातले सगळे स्पर्धक उन्हाळाभर त्यावर सराव करतात. तुमचा स्केटिंगचा तोल स्केट पद्धतीला थेट उपयोगी पडेल. मोकळा, गुळगुळीत, वाहनं नसलेला रस्ता मात्र हवा, कारण बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो. हेल्मेट घाला. सिंहगडावर पोल घेऊन चढा, दर पावलाला पोल मागे पूर्ण ढकला. दंडाचा मागचा भाग आणि पोट दुखलं म्हणजे बरोबर चाललंय.

---

जुना_भिडू

मी १९९० साली इथे आलो. या धाग्यात लहरीपणाचं कौतुक वाचून बरं वाटलं, पण नवीन लोकांनी त्याची ताकदही ओळखावी.

१९९१ चं हॅलोवीनचं वादळ मी पाहिलं आहे. दिवाळी तोंडावर होती. ३१ ऑक्टोबरला दुपारी बर्फ सुरू झाला आणि ३ नोव्हेंबरला थांबला तेव्हा ट्विन सिटीजमध्ये ७२ सेंटिमीटर साचला होता, डुलुथला ९४. त्याआधीची, १९४० ची गोष्ट इथले म्हातारे सांगायचे. ११ नोव्हेंबरला सकाळी हवा इतकी ऊबदार होती की बदकांच्या शिकारीला गेलेले लोक पातळ जाकिटात नदीतल्या बेटांवर उतरले. दुपारपर्यंत वारा फिरला, पाऊस, मग बर्फ, आणि तापमान कोसळलं. मिनेसोटात ४९ माणसं गेली, त्यात कितीतरी शिकारी होते. आता अंदाज खूप आधी मिळतो. तरीही सकाळच्या उबेवर विश्वास ठेवून लांबच्या वाटेवर जाऊ नका. पश्चिमेला ढगांची सरळ काळी रेघ आणि वारा दक्षिणेकडून फिरून वायव्येकडून येऊ लागला, की परत फिरा.

दुसरं, तळी. डिसेंबरात तळ्यावर बर्फ धरला की स्कीवाल्यांना मोह होतो. पायी जायलासुद्धा किमान दहा सेंटिमीटर जाडीचा, नवा, नितळ बर्फ हवा. पांढरट, दुधी बर्फाची ताकद त्याच्या निम्मी धरायची. वर हिम पडलं असेल तर ते पांघरुणासारखं वरची थंडी अडवतं आणि बर्फ जाड व्हायला वेळ लागतो. जिथे ओढा येऊन मिळतो, पुलाखाली, गवताच्या कडेला, तिथे जाडी फसवी असते. एका ठिकाणी मोजलेली जाडी दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. मी आजही जानेवारीआधी तळ्यावर जात नाही.

---

निवडुंग

हेवर्डजवळ राहते, विस्कॉन्सिनच्या उत्तरेला. आमच्या गावाची ओळखच बर्की, म्हणजे बिर्केबाइनर ही स्की-शर्यत. १९७३ साली टोनी वाइज यांनी ती शर्यत सुरू केली, नाव नॉर्वेच्या बिर्केबाइनर योद्ध्यांवरून. १२०६ साली त्यांनी लहानग्या हाकोनला, पुढच्या राजाला, स्कीवरून डोंगरापलीकडे नेलं होतं. आता दर फेब्रुवारीत हजारो माणसं पन्नास किलोमीटर स्की करत इथे येतात. मराठी नावं दर वर्षी यादीत शोधते आणि सापडली की फार आनंद होतो.

पण २०१७ ची बर्की रद्द झाली, बर्फच उरला नाही. २०२३-२४ चा हिवाळा तर ट्विन सिटीजमध्ये नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात उबदार. नाताळला पाऊस पडला. त्या वर्षी आमची शर्यत कृत्रिम बर्फाच्या दहा किलोमीटरच्या वळशावर फेऱ्या मारून झाली. त्याच महिन्यात, १७ आणि १८ फेब्रुवारीला, वर्थ पार्कमध्ये क्रॉस-कंट्री स्कीचा विश्वचषक होता. २००१ नंतर अमेरिकेच्या भूमीवर पहिल्यांदाच. सगळ्यांच्या जिवाला घोर, आणि शर्यतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत बर्फ पडला. जेसी डिगिन्स मिनेसोटातल्या आफ्टनची. २०१८ ला किकन रँडलबरोबर अमेरिकेचं या खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण तिने मिळवलं होतं. आपल्या घरच्या गर्दीसमोर तिला धावताना बघायला मी कुडकुडत उभी होते.

आता वॅक्सबद्दल, म्हणजे स्कीच्या तळाला लावायच्या मेणाबद्दल, कारण या हवेत लोक इथेच हरतात. कोरड्या थंडीत हिरवा-निळा ग्रिप वॅक्स सोपा. शून्याच्या आसपास ताजा ओला बर्फ असेल तर काहीही लावा, एकतर पाय मागे घसरतो किंवा स्कीखाली गोळे चिकटतात. वितळून पुन्हा गोठलेल्या दाणेदार बर्फाला क्लिस्टर लागतं. ते चिकट, सगळीकडे माखतं, पण त्या बर्फावर दुसरं काही धरत नाही. नवीन माणसाने यात पडू नये. मधोमध मोहेअरची (बकरीच्या लोकरीची) पट्टी असलेल्या स्किन स्की किंवा खवल्यांच्या तळाच्या स्की घ्याव्यात. नोव्हेंबरच्या बदलत्या हवेत त्या दहापैकी आठ दिवस निभावतात. आणि कोणाच्या गॅरेजमधून जुनं फ्लोरो (फ्लोरिन असलेलं) वॅक्स मिळालं तर वापरू नका. ते माती-पाण्यात टिकून राहतं, शर्यतींमध्ये २०२३-२४ पासून बंदी आहे, मिनेसोटात २०२५ पासून विकायलाही बंदी आहे.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काल उणे सहामध्ये वाऱ्याकडे तोंड करून निघाले आणि पाठीवर वारा घेऊन आले. मुलीने विचारलं, गाल लाल का? लोकरीचा स्वेटर जुन्या दुकानात मिळाला.

वर्थची यंत्रं सुरू झाल्याचं वाचलं. या शनिवारी कोणी जाणार असेल तर मला आणि मुलीला यायचं आहे. स्की नाहीत आमच्याकडे.

---

हिमपाऊल

ताई, जरूर या. वर्थच्या ट्रेलहेडवर स्की, बूट, पोल सगळं भाड्याने मिळतं, मुलीच्या मापाचंही. क्लासिक मागा. पोल साधारण खांद्याच्या उंचीचे घ्या, हनुवटीपर्यंतचे स्केटसाठी असतात. पास तिथेच काढता येईल.

आज शुक्रवार, रात्री उणे आठ आणि हवा कोरडी दिसते आहे, म्हणजे वळसा सकाळी कडक असेल. दहाच्या आधी उतारावर नवीन माणसाला त्रास होईल, म्हणून साडेदहाला भेटू, तोवर ऊन वर आलेलं असेल. रानवारा, तुम्ही स्की करणार नसाल तर बाहेरच्या रस्त्याने पळा आणि बाराला आत या. अबोली, काकूंनाही आणा, ट्रेलहेडच्या आत बसून काचेतून सगळं दिसतं आणि पार्किंगपर्यंतची वाट साफ केलेली असते. जुना भिडू, तुम्ही थर्मासचं मनावर घ्या. डिंकाचे लाडू मी आणतो.

दुपारी पारा शून्यावर गेला तर बर्फ पाणी धरू लागेल, तेव्हा एकच्या आत आटोपू. बेत बदलला तर सकाळी आठपर्यंत इथेच लिहितो.